लहान खोलीत दही लागत नाही

घरातल्या प्रत्येक गोष्टीची माझ्याकडे नोंद असते. निळ्या पुठ्ठ्याची एक जाड वही आहे. बॉयलर शेवटचा कधी तपासला, कुठल्या भिंतीला कुठला रंग लावला, पाहुण्यांच्या चादरी कुठल्या खणात आहेत, सगळं तिच्यात सापडतं. नवरा पाहुण्यांना सांगायचा, "हिला काही विचारू नका, वहीला विचारा." लोक हसायचे आणि मला मनातून बरं वाटायचं. आता त्याने ते वाक्य म्हटलं की मी उठून चहा ठेवायला जाते.

इकडे परदेशात, कॉर्कजवळच्या रिंगास्किडीपासून गाडीने दहा मिनिटांवर आमचं घर आहे. नवरा तिथल्या औषधांच्या कारखान्यात पाळीने कामाला जातो. मी घरूनच एका सॉफ्टवेअर कंपनीच्या टेस्टिंगच्या टीमचं काम बघते. मुलगी शाळेत आहे. वर आमची झोपायची खोली, मुलीची खोली, माझी कामाची खोली आणि दरवाजाच्या बरोबर वर एक अगदी लहान खोली. तिच्यात एक पलंग आणि एक अरुंद कपाट मावतं. आम्ही तिला 'लहान खोली' म्हणतो.

सासरे गेले त्या वर्षीची गोष्ट. सासूबाई सांगलीजवळच्या घरात एकट्या राहिल्या होत्या. पहिली दिवाळी तरी त्यांनी रिकाम्या घरात काढू नये म्हणून नवऱ्याने त्यांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. त्याच्या मनात आणखी एक होतं आणि ते त्याने मला स्पष्ट सांगितलं होतं. "तिला इथं करमलं तर पुढे दरवर्षी आणू. जमलं तर कायमचंच बघू. पण करमायला पाहिजे."

मी लगेच वहीत पान उघडलं. कानटोपी, लोकरी मोजे, आत घालायचे गरम कपडे, न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री उठायचा दिवा. 'लहान खोली' या मथळ्याखाली शेवटची ओळ होती 'रेडिएटर', म्हणजे गरम पाण्यावर खोली तापवणारं भिंतीवरचं उपकरण. पलंग खिडकीखालच्या रेडिएटरला चिकटून होता, दारातून फक्त त्याचं डावं टोक हाताला लागत होतं. मी वाकून त्या टोकावर हात ठेवला. चांगलं गरम होतं. मी बरोबरची खूण केली.

सासूबाईंना कोट, बूट, पाऊस, कशाचीच अडचण नव्हती. अडचण होती दह्याची. दुकानातल्या दह्याची चव घेऊन त्या म्हणाल्या, "ह्याला दही म्हनत्यात व्हय? हे तर गोड न्हाई, आंबट न्हाई, नुसतंच गार हाय." त्यांचं जेवण शेवटच्या दहीभाताशिवाय पुरं होत नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याच डब्यातल्या चमचाभर दह्याचं विरजण लावलं आणि स्टीलचं भांडं वरच्या हॉट प्रेसमध्ये ठेवलं. इथं कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याची टाकी असलेल्या कपाटाला हॉट प्रेस. घरातली सगळ्यात उबदार जागा त्यांनी दोन दिवसांत हेरली होती. पण तिथं माझे टॉवेल असतात, रंगाप्रमाणे लावलेले. मी म्हणाले, "आई, सांडलं तर टॉवेलना वास लागेल. तुमच्या खोलीत रेडिएटर आहे ना, त्याच्याजवळ ठेवा."

"बरं," त्या म्हणाल्या.

त्यांनी तिकडे ठेवून पाहिलं. मग एक दिवस ते भांडं माझ्या कामाच्या खोलीतल्या रेडिएटरवर दिसलं, वर ताटली झाकून.

"हे इथं कसं?"

"तिथं लागत न्हाई गं."

"विरजण जास्त घाला थोडं. नाहीतर टॉवेल गुंडाळून ठेवा. मी देते एक जुना."

मी जुना टॉवेल दिला. उपाय सांगायला मला कधी वेळ लागत नाही. पण दोन दिवसांनी भांडं पुन्हा माझ्या खोलीत. त्या पायांचा आवाज न करता यायच्या, भांडं ठेवायच्या, आणि मग माझ्यामागच्या खुर्चीवर थोडा वेळ बसायच्या. मी कुणाशी बोलत असले की पदर तोंडाला लावून खोकला दाबायच्या. त्यांना एकटं वाटतंय, सोबत हवी आहे, दही हे निमित्त आहे, असं मी ठरवून टाकलं. एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना भांडं उचलायला आल्या आणि ताटली सटकून खाली पडली. पलीकडच्या सात-आठ जणांनी तो खणखणाट ऐकला. त्यातल्या एकाने विचारलं, सगळं ग्रँड, म्हणजे ठीक, आहे ना तिकडे? मी हसून हो म्हणाले, मीटिंग संपवली आणि खुर्ची फिरवली.

"आई, उद्यापासून भांडं तुमच्याच खोलीत ठेवा. तिथला रेडिएटर उत्तम चालतो. मी स्वतः तपासलाय."

"तिथं लागत न्हाई," त्या पुन्हा म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "ऱ्हाऊ दे. न्हाई ठेवत."

त्यानंतर जेवताना त्या दुकानातलं दही भातावर घेऊन मुकाट्याने खायला लागल्या. मी वहीत 'दही' या शब्दापुढे 'मार्गी' असं लिहिलं. हे मी खरोखर लिहिलं आहे. पान अजून आहे.

खोकला मात्र गेला नाही. सहाव्या आठवड्यात मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण बाई मोठ्या प्रेमळ. छाती तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, झोपायची खोली उबदार आहे ना? मी भाषांतर करायला सोबत होते. प्रश्न सासूबाईंना होता. मी तो त्यांच्यापर्यंत जाऊच दिला नाही.

"हो, अगदी उबदार आहे," मी इंग्रजीत सांगून टाकलं.

"काय इचारलं?" सासूबाईंनी मला विचारलं.

"खोली गरम आहे ना म्हणून. मी हो म्हटलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरीण बाईंकडे बघून मान हलवली, हो, हो. सुनेचा शब्द त्यांनी परक्यासमोर खाली पडू दिला नाही. तेव्हा मला वाटलं होतं, चला, एक काम झालं.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी मुलाला सांगितलं की त्यांना परत जायचंय. व्हिसाचा अजून दीड महिना शिल्लक होता. कारण विचारलं तर घर बंद आहे, पाण्याची टाकी बघायला कुणी नाही, असलं काहीतरी. नवरा पाळीवरून आला की त्यांच्याजवळ बसायचा, समजूत घालायचा. शेवटी त्याने तिकीट अलीकडचं करून आणलं आणि स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभा राहिला.

"तू काही बोललीस का तिला?"

"मी? मी काय बोलणार?" मी बोटांवर मोजून दाखवायला लागले. मोजे आणले, दांडा बसवला, डॉक्टरकडे नेलं, औषधाच्या वेळा लिहून दिल्या.

"यादी नको गं वाचूस. तिला थंडी वाजत असेल का?"

"खोली गरम आहे. मी तपासली आहे."

"मम," टेबलाशी बसलेली मुलगी मान वर न करता म्हणाली, "आजी स्लीप्स इन हर कोट. डिड यू नॉट नो?"

आजी कोट घालून झोपते, हे तिला माहीत होतं. तिला वाटलं होतं मलाही माहीत असेल, कारण मला सगळं माहीत असतं.

आता लिहिताना सगळ्यात जास्त लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची. मुलीचं बोलणं ऐकून मी वर धावत गेले नाही. मला ते पटलंच नाही. म्हातारी माणसं कुठेही गारठतात, असं मी म्हणाले. आणि खोली गरम आहे हे सिद्ध करून दाखवायचं ठरवलं. शनिवारी नवरा आईला आणि मुलीला घेऊन दिवसभरासाठी कॉर्कला गेला. मी दूध कोमट केलं, दोन सारख्या वाट्यांत सारखं ओतलं, मोजून सारखं विरजण घातलं. एक वाटी माझ्या खोलीतल्या रेडिएटरवर, एक लहान खोलीतल्या, पलंगावरून वाकून मधोमध. माझ्या सांगण्यावरून पटत नसेल तर निदान दह्यावरून पटेल. नोकरीत मी हेच करते. समोरचा म्हणतो बिघाड आहे, आपण म्हणतो दाखवा.

दुपारी माझ्या खोलीतली वाटी तिरकी केली. दही हललं नाही. लहान खोलीतली वाटी उचलली तर दूध काठापर्यंत डुचमळलं.

मी वाटी खाली ठेवली. मग पलंग ओढला.

इतक्या दिवसांत तो पलंग मी पहिल्यांदा हलवत होते. पांघरुणाखालून कोट निघाला, लांब बाह्यांचा, घडी न घातलेला. पायाशी रसाची एक प्लास्टिकची बाटली निघाली. तिच्यावर नवऱ्याचा फुटबॉलचा जाड मोजा चढवला होता आणि आत पाणी होतं, आता गार झालेलं. झोपायच्या आधी त्या गरम पाणी मागायच्या ते प्यायला नव्हतं तर.

रेडिएटरवर मी हात फिरवला, या वेळी सगळीकडे. डावीकडे वरचं टोक गरम. वीतभर पुढे कोमट. मधोमध गार. उजवीकडे आणि खाली सगळीकडे दगडासारखा गार. दारातून वाकून तपासणारा हात फक्त त्या डाव्या टोकालाच लागत होता, आणि तो माझाच होता.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. आत हवा अडकली असेल तर वरचा भाग गार राहतो, म्हणून किल्लीने हवा काढायचा स्क्रू सैल केला. फुस्स झालं नाही, लगेच पाणी आलं. पाणी काळं नव्हतं, म्हणजे गाळही दिसत नव्हता. डावीकडची, ऊब कमी-जास्त करायची आकड्यांची मूठ पाचावर होती. ती काढून आतली पिन दाबून पाहिली, मोकळी खाली-वर होत होती. राहिला उजवीकडचा, पांढऱ्या टोपणाखालचा झडप-स्क्रू. पाणी परत जातं ती वाट. ती कमी-जास्त करून कुठल्या रेडिएटरला किती पाणी मिळेल हे ठरवतात. एकदा लावला की त्याला सहसा कुणी हात लावत नाही. मी टोपण काढलं, पाना लावला, किती उघडा आहे ते मोजायला बंद करायला गेले. पाव फेऱ्यातच तो बंद झाला.

पाव फेरा. कुठल्याही प्लंबरने असं ठेवलं नसतं. मला त्या क्षणी राग आला, खरंच आला, ज्याने कुणी हे केलं त्याचा. आणि त्या रागातच मी वही आणायला गेले, आधीची नोंद आहे का ते बघायला.

नोंद होती. दोन हिवाळे आधीची. 'रेडिएटर समतोल' असा मथळा, खाली दोन रेघा. त्या वर्षी माझी कामाची खोली तापत नव्हती, बोटं आखडायची, म्हणून मी शिकून घेऊन घरातले सगळे रेडिएटर एकेक करून लावले होते. बैठक, दीड फेरा. स्वयंपाकघर, एक. मुलीची खोली, दीड. माझी कामाची खोली, पूर्ण उघडा. आणि शेवटी, माझ्याच टपोऱ्या अक्षरात: 'लहान खोली, पाव. कोणी राहत नाही.'

माझ्या खोलीतल्या वाटीतलं दही का लागलं, हे त्याच पानावर लिहिलेलं होतं.

मी स्क्रू दीड फेरा उघडला. नळीतून सळसळ ऐकू आली. पंधरा-वीस मिनिटांत उजवं टोक इतकं तापलं की हात ठेवता येईना. मी पलंग होता तसा लावला, बाटली मोज्यासकट पायाशी ठेवली, कोट पुन्हा पांघरुणाखाली सारला. चोराने घर आवरून ठेवावं तशी.

संध्याकाळी ते तिघे आले. सासूबाई कपडे बदलायला वर गेल्या आणि जिन्यातूनच हाक आली. "अगं, खोली तापलीय की! भट्टी झालीय!"

नवरा वर पळाला. मीही गेले. "काय केलंस?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार नव्हतं, तरी ते आलं. "व्हॉल्व्ह अडकला होता."

"आणि तू शोधून काढलास? एकटीने?"

"हो."

सासूबाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचे हात थंड होते. "शिकल्याचा उपेग बघ. माणूस बोलवायची गरज लागली न्हाई." त्यांनी लगेच सांगलीच्या बहिणीला फोन लावला आणि रेडिएटरपुढे फोन धरून तिला दाखवायला लागल्या. "सुनेनं स्वतः पाना घिऊन दुरुस्त केलं. व्हय, हिनंच. आमच्याकडं बायका पान्याला हात तरी लावत्यात का?" पलीकडून मावशी माझं कौतुक करत होत्या. मला फोनसमोर ओढलं. मी हात जोडून नमस्कार केला.

तीन दिवस मी ते घेऊन फिरले. नवऱ्याला सांगता आलं असतं, पण त्याला सांगितलं असतं तर त्याने मला समजावलं असतं, अगं होतं असं, आणि मी ते समजावणं घेतलं असतं. मुलगी एकदा म्हणाली, "फेअर प्ले, मम." इथल्या भाषेत शाब्बास. मी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायला गेले.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई जेवायच्या टेबलावर स्टीलचं भांडं घेऊन आल्या. लहान खोलीत, उजवीकडच्या टोकाला ठेवलेलं. दही असं लागलं होतं की चमचा उभा राहावा. पहिला चमचा त्यांनी माझ्या पानात वाढला.

"तूच घे आधी. तुझ्यामुळं लागलं."

मला तो घास घेता आला नाही. मी उठले, वही आणली, ते पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. घरात आम्ही दोघीच होतो. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून वाचायला लागल्या, मोठ्याने, त्यांच्या सवयीप्रमाणे. बैठक दीड. स्वयंपाकघर एक. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"लहान खोली, पाव. कोणी राहत नाही."

"मीच बंद केला होता, आई. माझ्या खोलीत ऊब जास्त यावी म्हणून. अडकला वगैरे काही नव्हता. आणि तुम्ही येताना मी नीट बघितलं नाही. डॉक्टरकडे सुद्धा मीच…"

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मला वाटलं रडतील, किंवा मी रडेन. तसलं काही झालं नाही.

"अक्षर चांगलं हाय तुझं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत, थंडी वाजते म्हणून?"

"सांगितलं की."

"कधी?"

"दोनदा सांगितलं." त्यांनी भांड्याकडे बोट केलं. "आनि काय सांगायचं? सुनेच्या घरात जाऊन, मला हे पायजे, मला ते पायजे? माझ्या सासूबाईंनी मला येवढं तरी कुठं इचारलं होतं." मग दह्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं. "खा. आंबट व्हईल."

मी खाल्लं. वर त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला सांगितलंस?" मी नाही म्हणाले. "मग सांग. माझ्याकडनं कळायला नको."

त्या रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला आणि मुलीला सांगितलं. नवरा ताट उचलून बेसिनकडे गेला आणि भांडी घासायला लागला, आणि मला ते समजावण्यापेक्षा बरं वाटलं. तिकीट बदललं नाही. मी दोनदा विचारलं, त्याने एकदा विचारलं. आता ठरलंय ते ठरलंय, म्हणाल्या. शेवटचे अकरा दिवस त्या लहान खोलीत कोट न घालता झोपल्या. विमानतळावर मी त्यांच्या पिशवीत औषधं, पाणी, बिस्किटं नीट लावून दिली. त्यांनी सगळं बघितलं, मान हलवली.

ते पान मी फाडलं नाही. शेवटची ओळ खोडलीही नाही. त्याखाली तारीख टाकून 'दीड फेरा' एवढं लिहिलं. 'दही – मार्गी' तेही तसंच आहे.

आता मी रोज रात्री दही लावते, लहान खोलीत, उजवीकडच्या टोकाला. आमच्याकडे एवढं दही संपत नाही. मुलगी तोंड वेडंवाकडं करते. पण सकाळी उठल्याबरोबर मी आधी त्या खोलीत जाते आणि भांडं तिरकं करून बघते.

या वर्षी दिवाळीच्या आधी नवऱ्याने फोन माझ्याच हातात दिला. तूच विचार, म्हणाला. मी विचारलं, "आई, येणार ना या हिवाळ्यात?"

त्यांनी आधी नातीची चौकशी केली. मग त्यांनी विचारलं, "तिथं दही लागतंय का गं?"

"लागतं. रोज बघते मी."

"रोज?"

"हो, रोज. हात लावून, दोन्ही टोकांना."

"बरं," त्या म्हणाल्या. "बघते मग."